कुत्र्याची आंघोळ घरी की पार्लरमध्ये? कोकण किनाऱ्यावरचा हिशेब

कोकणात कुत्र्याला न्हाऊ घालणं स्वस्त, वाळवणं महाग. दोन बादल्या पाणी, पन्नास रुपयांचा शाम्पू आणि अर्धा तास यात कुणाचं दिवाळं निघत नाही. खरं काम नंतर असतं. जुलैत दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलसर लागतो. गोल्डन रिट्रीव्हरच्या अंगावरची आतली लव तशीच ओली राहिली, की दोन दिवसांत वास, मग खाज, मग लाल चट्टा आणि शेवटी डॉक्टर. घरी केलेली आंघोळ फसते ती बहुतेक इथेच. पार्लरवाला जे पैसे घेतो त्यातले बरेचसे त्याच्या ब्लोअरचे आणि सवयीच्या हाताचे असतात, शाम्पूचे नव्हेत.

म्हणून हिशेब मांडताना पहिला प्रश्न असा: तुमच्या कुत्र्याचे केस घरात, पावसाळ्यातही, मुळापर्यंत वाळवता येतील का?

आधी केस ओळखा

गावठी कुत्रा, बीगल, पग यांचे केस आखूड आणि अंगाला चिकटून असतात. यांना पार्लरची गरज जवळपास नसते. लॅब्रेडॉरचे केसही आखूडच, पण वर हात फिरवून फसू नका. त्याच्या राठ केसांखाली दाट, मऊ लव असते आणि ती पाणी धरून ठेवते.

गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि घरोघरी ज्याला पॉमेरियन म्हणतात तो (बहुतेक वेळा तो इंडियन स्पिट्झ असतो) यांचा कोट दुहेरी: वर लांब केस, आत गच्च लव. हे कुत्रे केस गाळतात, त्यांना कापायची गरज नसते. शिह त्झू, ल्हासा आणि पूडल यांचे केस मात्र माणसासारखे वाढतच राहतात. त्यांना सहा ते आठ आठवड्यांनी कात्री लागतेच. घरी की बाहेर, हा प्रश्न खऱ्या अर्थाने याच तिघांसाठी आहे.

पैशांचं गणित

खालचे दर हिशेबासाठी धरले आहेत. आपल्या गावचा दर घालून गणित पुन्हा करा, पद्धत तीच राहील.

लॅब्रेडॉर किंवा गावठी कुत्रा घेऊ. पार्लरमध्ये आंघोळ आणि नखं मिळून ९०० रुपये धरले आणि महिन्याला एकदा नेलं, तर वर्षाला १०,८०० रुपये होतात. घरी रबरी दातांचा ब्रश २०० रुपये, नखं कापायची कात्री ३०० रुपये, मायक्रोफायबरचे दोन मोठे टॉवेल ४०० रुपये आणि अर्धा लिटर शाम्पू ५०० रुपये, असे सगळे मिळून १,४०० रुपये. लॅब्रेडॉरला एका आंघोळीला ३५ ते ४० मिली शाम्पू पुरतो, म्हणजे बाटली वर्षभर जाते. इथे वाद घालण्यासारखं काही नाही, घरीच करा.

गोल्डनचं गणित वेगळं. दर सहा आठवड्यांनी १,८०० रुपये धरले तर वर्षात नऊ फेऱ्यांचे १६,२०० रुपये. घरी करायचं तर ब्लोअर घ्यावाच लागतो, तो साधारण ५,००० रुपये. लव काढायची दातेरी फणी ४५० रुपये, बारीक तारांचा स्लिकर ब्रश ४५०, लोखंडी कंगवा ३००, नखांची कात्री ३०० आणि चार टॉवेल ८०० असं धरलं, तर सामान ७,३०० रुपयांचं. एका आंघोळीला ५० मिली शाम्पू म्हणजे ५० रुपये. दोन हजार वॅटचा ब्लोअर पाऊण तास चालला तर दीड युनिट, युनिट १० रुपये धरलं तर १५ रुपये. म्हणजे दर आंघोळीला १,७३५ रुपये वाचतात आणि पाचव्या आंघोळीला सामान फिटतं. मात्र ही प्रत्येक आंघोळ विंचरण्यापासून वाळवण्यापर्यंत दोन तास खाते. ते दोन तास तुमच्याकडे नसतील तर ब्लोअर माळ्यावर जाईल आणि कुत्रा पार्लरमध्येच. मधला मार्ग चांगला: सात आंघोळी घरी, दोन पार्लरमध्ये. एक मेअखेर, आगोट चालू असताना, म्हणजे पाऊस लागण्याआधी आतली जुनी लव पूर्ण निघून जाईल, दुसरी ऑक्टोबरात.

शिह त्झूच्या वर्षाला आठ फेऱ्या, प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे १२,००० रुपये. इथे कापणं बाहेर आणि रोजचं विंचरणं घरी हेच परवडतं. कारण या कुत्र्यांच्या बिलात खरी फोडणी बसते ती गुंत्यांची. गुंता सोडवायला पार्लरवाले वेगळे पैसे लावतात, आणि फार झाला तर सोडवतही नाहीत, सरळ अंग भादरतात. रोजची दहा मिनिटं हा खर्च वाचवतात. कापणंही घरी शिकायचं असेल तर मशीन आणि कात्र्यांचे पाच-सहा हजार आणि पहिले दोन-तीन ओबडधोबड कट गृहीत धरा. केस वाढतात, कुत्रा आरशात पाहत नाही, तेवढं चालतं.

आता गणितात सहसा न धरलेला खर्च. जवळ ग्रूमर, म्हणजे पार्लरवाला, नसेल आणि रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचं असेल, तर एका बाजूला सुमारे १३० किलोमीटर. येऊन-जाऊन २६०. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर १,८०० रुपये नुसते रस्त्यावर. वर घाटात कुत्र्याला उलट्या. तेच सावंतवाडी-कुडाळकडून गोव्याला जाताना अंतर कमी पडतं, पण अर्धा दिवस जातोच. घरी येणारा ग्रूमर मिळत असेल तर वाडीतले किंवा सोसायटीतले तीन-चार कुत्रे एकाच दिवशी ठरवा. येण्याजाण्याचे पैसे वाटून जातात.

आंघोळीआधी विंचरणं

हे टाळलं तर पुढचं सगळं वाया. गुंता ओला झाला की आवळतो आणि वाळताना नमद्यासारखा घट्ट होतो. म्हणून कोरड्या केसांतच सोडवायचा.

वरवर ब्रश फिरवला की कुत्रा छान दिसतो, आत मात्र गुंता तसाच. पद्धत अशी: एका हाताने केस वर धरून ठेवा, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडत स्लिकरने विंचरा. एक ओळ झाली की बोटभर वर सरका. शेवटी लोखंडी कंगवा मुळापासून टोकापर्यंत घाला. न अडकता गेला तरच तो भाग झाला. स्लिकरच्या तारा टोकदार असतात, जोर देऊन घासल्या तर कातडी लाल होते. आधी स्वतःच्या दंडावर फिरवून किती जोर चालतो ते पाहा.

गुंता कुठे होतो ते ठरलेलं आहे: कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि मागच्या पायांच्या झालरीत. सुपारीएवढा गुंता असेल तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, मुळाशी बोटांनी घट्ट धरा म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि कंगव्याच्या टोकाने बाहेरच्या कडेपासून फोडत आत या. कात्रीने तळातून कापायचा मोह आवरा. गुंत्याबरोबर कातडीही वर ओढली गेलेली असते आणि ती केसांत दिसत नाही. घरी होणाऱ्या जखमांत ही नेहमीची. कापायचाच असेल तर कातडी आणि गुंता यांच्यामध्ये कंगवा सरकवा आणि कंगव्याच्या वरच्या बाजूने कापा. कंगवाच शिरत नसेल तर कात्री ठेवून द्या, तो भाग मशीनने काढावा लागेल. सगळं अंगच चटईसारखं झालं असेल तर ग्रूमरकडे न्या आणि 'केस वाचवा' असा हट्ट धरू नका. तासभर ओढाताण करण्यापेक्षा भादरून पुन्हा वाढवणं कुत्र्याला सुखाचं.

पाणी आणि शाम्पू

किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. मचूळ पाण्याला फेस येत नाही, म्हणून माणूस आणखी शाम्पू ओततो, तो नीट निघत नाही आणि मागे राहिलेल्या शाम्पू-मिठाच्या थराने खाज सुटते. पाणी असं असेल तर धुणं विहिरीच्या पाण्याने करा, पण शेवटच्या दोन-तीन तांब्यांना गोडं पाणी ठेवा. लॅब्रेडॉरएवढ्या कुत्र्याला सगळं मिळून ३० ते ४० लिटर लागतं.

पाणी कोमट, कोपर बुडवल्यावर ऊन लागू नये इतपत. जागा घसरती नको. पावसात खळ्यातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे उभा केलेला कुत्रा एकदा घसरला की पुढच्या वेळी बादली पाहूनच पळतो. न्हाणीत रबरी चटई किंवा गोणपाट घाला. मोरीवर जाळी ठेवा, नाहीतर प्लंबरचे पैसेही याच हिशेबात येतील.

शाम्पू कुत्र्यांचाच घ्या. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची बरीचशी उदासीन. आपल्या शाम्पूने ती कोरडी पडून कोंडा होतो. एक भाग शाम्पू आणि दहा भाग पाणी असं बाटलीत हलवून घेतलं की ते आतल्या लवेपर्यंत पोचतं आणि निघतंही लवकर (बाटलीवर वेगळं प्रमाण छापलं असेल तर ते पाळा). आधी कानांच्या तोंडाशी कापसाचा बोळा. मग सुरुवात मानेपासून. मानेभोवती फेसाचं कडं केलं की पिसवा तोंडाकडे पळत नाहीत. तिथून पाठ, पोट, पाय, शेपूट. तोंड शेवटी आणि फक्त ओल्या फडक्याने पुसून.

डॉक्टरांनी बुरशीसाठी औषधी शाम्पू दिला असेल, बहुधा क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोलचा, तर तो अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे. घड्याळ लावून दहा. दोन मिनिटांत धुतला तर महागडी बाटली गटारात ओतल्यासारखी. धुताना पाणी पूर्ण स्वच्छ वाहू लागल्यावरही आणखी एकदा धुवा, विशेषतः काखा, पोट आणि बोटांमधल्या फटी.

फिनाईल, डेटॉल, रॉकेल आणि कपड्यांचा साबण यातलं काहीही अंगाला लावायचं नाही. फिनाईलच्या पाण्याने फरशी पुसली तरी ती वाळेपर्यंत कुत्र्याला बाहेर ठेवा, कारण तो पंजे चाटतो. टी ट्री तेल 'नैसर्गिक' म्हणून विकलं जातं, ते कुत्र्यांना विषारी आहे. आणि खोबरेल? भेगाळलेल्या पंजाच्या गादीला दोन थेंब चालतील. अंगभर चोपडलं तर दमट हवेत धूळ बसून चिकट थर होतो, पुढची आंघोळ मग दुप्पट शाम्पूची.

वाळवणं

टॉवेलने चोळू नका, दाबून टिपा. चोळलं की नुकतंच सोडवलेलं पुन्हा गुंततं. लांब केसांच्या कुत्र्याला तीन टॉवेल लागतात, आणि पावसात धुतलेले टॉवेल चार दिवस वाळत नाहीत, म्हणून वरच्या हिशेबात चार धरले आहेत. कुबट टॉवेलने पुसलेला कुत्रा कुबटच राहणार.

ब्लोअर आणि माणसांचा हेअर ड्रायर यांत फरक असा, की ब्लोअर जोराच्या वाऱ्याने पाणी केसांतून उडवून लावतो, हेअर ड्रायर उष्णतेने वाळवतो. गोल्डनला ब्लोअरने पाऊण ते एक तास लागतो. हेअर ड्रायरने दोन तास जातात, आणि तरी आत ओल राहण्याची शक्यता असतेच. आखूड केसांच्या कुत्र्याला टॉवेल आणि पंखा पुरे; शिह त्झूला हेअर ड्रायर चालतो, पण थंड किंवा सर्वांत कमी उष्णतेवर, एक फूट अंतरावर आणि सतत हलता. ज्या जागी वारा मारता तिथे आपला दुसरा हात ठेवा. हाताला चटका बसला तर कातडीलाही बसतोय.

ब्लोअर घेण्याआधी भिंतीवरचा सॉकेट पाहा. २,४०० वॅटचा ब्लोअर १० ॲम्पिअरहून जास्त ओढतो, म्हणजे गीझरचा मोठा १६ ॲम्पिअरचा सॉकेट हवा. मोबाइल चार्जिंगच्या साध्या प्लगवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर लावला तर वायर तापून प्लग वितळतो. घरच्या इन्व्हर्टरवर तो चालत नाही. पावसात लाइट जाणं रोजचंच, तेव्हा सकाळी वीज स्थिर पाहून मगच कुत्रा भिजवा. भिजलेला गोल्डन आणि गेलेली वीज हे दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. ब्लोअर न्हाणीबाहेर, कोरड्या जमिनीवर चालवा, आणि घराला अर्थ लीकेज ब्रेकर (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवल्याशिवाय ओल्या कुत्र्याजवळ मशीन नेऊ नका.

सुरुवात मागच्या पायांकडून, नळी अंगापासून वीतभर लांब. केस फाकून कातडी दिसते तिथे पाणी उडताना दिसेल. उडणं थांबेपर्यंत त्याच जागी. डोळे, कान, नाक यांवर वारा मारू नका. आवाजाला घाबरणाऱ्याच्या कानांवरून जुना टॉवेल सैल गुंडाळा. झालं असं वाटलं की बोटं उलट्या दिशेने मुळांत घाला: काख, जांघ, कानाखाली, शेपटीचं मूळ, बोटांच्या फटी. या पाचपैकी एकही जागा गार लागली, तर काम बाकी आहे.

पावसाळ्यात जादा आंघोळी नकोत. वरच्या हिशेबात धरल्या तेवढ्या पुरतात. मधल्या दिवसांत चिखल धुवायला पडवीच्या पायरीपाशी टमरेल आणि कोरडं फडकं ठेवा. पाय घोट्यापर्यंतच धुवा आणि बोटांमधून फडकं फिरवा. गादीमधले लांब केस बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीला आणले, की तिथे चिखलाचे गोळे धरत नाहीत. रात्रीत उठलेला ओला, लाल, चाटून चाटून मोठा केलेला चट्टा दिसला तर त्यावर पावडर टाकू नका. पावडर आणि पू मिळून खपली होते आणि आत संसर्ग पसरतो. भोवतीचे केस कापून हवा लागू द्या आणि डॉक्टरांना दाखवा. गणपतीला पाहुणे यायचेत म्हणून आदल्या रात्री कुत्र्याला न्हाऊ घालणं हा दरवर्षीचा घोळ. दोन दिवस आधी, सकाळी करा.

नखं आणि कान

नखं तीन-चार आठवड्यांनी. कातळावर आणि रस्त्यावर फिरणाऱ्याची आपोआप झिजतात, पण आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला लागतच नाही, ते गोल वळून मांसात घुसतं. सगळ्या आळसात निदान तेवढं कापा. पांढऱ्या नखात गुलाबी जिवंत भाग दिसतो, त्याच्या २ मिमी अलीकडे थांबा. काळ्या नखात तो दिसत नाही, म्हणून एकेक मिलिमीटरचे पातळ काप घ्या. कापलेल्या तोंडावर मधोमध गडद ठिपका दिसला की तिथेच थांबायचं. रक्त आलंच तर नखाचं टोक कॉर्नफ्लोअरमध्ये दाबून तीन ते पाच मिनिटं धरा. तुरटीची पूडही रक्त थांबवते, पण झोंबते.

कानात काडी घालू नका, मळ आत ढकलला जातो. कान साफ करायचं औषध कानाची नळी भरेल इतकं घाला, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळा, कुत्र्याला डोकं झटकू द्या आणि बाहेर आलेलं कापसाने टिपा. लोंबत्या कानांच्या कुत्र्याला हे आंघोळीनंतर आणि समुद्रात पोहल्यानंतर हवंच. आंबूस वास, तपकिरी-काळा मळ किंवा मान एका बाजूला कलणं दिसलं तर घरगुती उपाय नकोत, डॉक्टर.

गुदग्रंथी (गुदाच्या दोन बाजूंच्या वासाच्या ग्रंथी) पिळणं काही पार्लरमध्ये आंघोळीबरोबरच करतात. कुत्रा बूड घासत नसेल तर त्याची गरज नाही, तसं आधीच सांगा.

मशीन चालवायचं असेल तर

पहिला नियम: दुहेरी कोटाच्या कुत्र्याला उन्हाळ्यात 'उकडतंय' म्हणून भादरू नका. वरचे लांब केस ऊन अडवतात. ते गेले की कातडी थेट भाजते, आणि स्पिट्झसारख्यांचे केस नंतर ठिगळं ठिगळं उगवतात किंवा महिनोनमहिने येतच नाहीत. त्याला थंडावा हवा असेल तर मेलेली लव विंचरून काढा.

शिह त्झू-ल्हासासाठी मशीनची पाती आकड्यांनी ओळखतात. १० नंबर १.५ मिमी केस ठेवतं. ते पोट, गुदाभोवती आणि गुंत्यांसाठी. अंगावर ४ एफ म्हणजे साडेनऊ मिमी किंवा ५ एफ म्हणजे सुमारे सहा मिमी. आकडा वाढतो तसे केस आखूड होतात, हे उलटं लक्षात ठेवा. केस आधी धुऊन, वाळवून, विंचरून घ्यायचे. वाळू आणि मीठ असलेल्या केसांत पातं एका वापरात बोथट होतं. मशीन केसांच्या दिशेने, कातडीला सपाट टेकवून, दुसऱ्या हाताने कातडी ताणून चालवा. काख, जांघेची पातळ घडी, कानाची कड आणि स्तनाग्रं या जागा कापल्या जातात, तिथे सावकाश. दर पाच मिनिटांनी पातं मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तापलं असेल तर बंद करा. पात्याच्या भाजण्याच्या खुणा कुत्र्याच्या अंगावर दुसऱ्या दिवशी दिसतात.

दाढीचा ट्रिमर यासाठी चालत नाही, दोन मिनिटांत अडकतो. आणि विळे-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे ही पाती देऊ नका. दोन पात्यांची सपाटी एकमेकांना जुळावी लागते, ती त्याच्या चाकावर बिघडते.

पुळणीवरून आल्यावर

समुद्राचं पाणी अंगावर वाळू दिलं की मीठ कातडी ओढतं आणि वाळू काखेत घासते. शाम्पू नको, नुसतं गोडं पाणी पुरे, पण लगेच. जाताना पिण्याचं पाणी सोबत न्या. खारं पाणी ढोसलेला कुत्रा परतीच्या वाटेवर गाडीतच हगतो. कुजक्या मासळीत लोळला असेल तर अख्खं अंग नको, तेवढाच भाग दोनदा शाम्पूने धुवा.

पावसाळ्यात किनाऱ्याला डांबरगोळे लागतात. पंजाला चिकटलं तर पेट्रोल-रॉकेल अजिबात नाही. खोबरेल किंवा कुठलंही खायचं तेल चोळा, डांबर मऊ होऊन सुटतं, फडक्याने पुसा, मग शाम्पूने तेल काढा. बोटांमधल्या केसांत बसलेलं असेल तर ते केसच कापा.

पाऊस सरल्यावर गवत वाळतं आणि कुसळं सुरू होतात. ती एका दिशेनेच सरकतात, म्हणजे आतच जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फिरून आल्यावर बोटांच्या फटी आणि कान रोज पाहा.

गोचिड

पार्लरची 'टिक बाथ' (गोचिड मारायच्या औषधाची आंघोळ) घेऊन आठवड्यात पुन्हा गोचिड दिसली तर दोष पार्लरचाच असतो असं नाही. तपकिरी गोचिड भिंतीच्या भेगांत राहते आणि एक मादी हजारो अंडी घालते. गिलावा न केलेली जांभ्याची भिंत म्हणजे तिच्यासाठी चाळच. कुत्रा जिथे झोपतो तिथली भोकं सिमेंटने बुजवा, गोणपाटं उन्हात टाका, आणि भिंतीवरच्या फवारणीचं औषध व प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. हे न करता दर महिन्याला टिक बाथचे पैसे भरणं व्यर्थ.

अंगावरची गोचिड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल लावणं किंवा चटका देणं नको. त्रासलेली गोचिड आपली लाळ आत सोडते, आणि एर्लिकिया, बॅबेसियासारखे रोग त्यातूनच येतात. मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध वापरत असाल तर त्याआधी आणि नंतर ४८ तास आंघोळ नको. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काहीही आणू नका, मांजराला ते जीवघेणं ठरतं.

पार्लर निवडताना

लसीकरणाचं कार्ड मागत नाही ते पार्लर टाळा. तुमच्याकडे मागितलं नाही म्हणजे आधीच्या कुत्र्याकडेही मागितलेलं नाही. पिल्लाला लसी पूर्ण होईपर्यंत नेऊच नका. दोन कुत्र्यांच्या मध्ये पाती आणि टेबल कशाने पुसतात ते विचारा. बंद पेटीत गरम हवा सोडून वाळवत असतील तर पग, शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तिथे ठेवू नका. त्यांना धाप लागून उष्माघात होतो. झोपेचं औषध ग्रूमरने द्यायचं नसतं, ते काम डॉक्टरांचं. आणि दर विचारताना एकाच आकड्यावर समाधान मानू नका. नखं, कान, गुंता, मोठ्या वजनाचा जादा आकार आणि टिक शाम्पू यातलं काय धरलं आहे ते आधी कळलं पाहिजे. 'भादरण्याआधी फोन करा' हे सोडून येतानाच सांगा.

घरचं सामान ठेवताना एक गोष्ट. खाऱ्या वाऱ्यात पाती आणि कात्र्या महिन्याभरात गंजतात. वापर झाला की ब्रशने केस झाडा, कोरड्या फडक्याने पुसा, मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाकून दहा सेकंद चालवा आणि जादा तेल टिपा. मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह.